एका गोळीचं शुद्धिपत्र

गल्लीत त्यांना सगळे चघळकाकू म्हणत, आणि हे नाव काकूंच्या कानावर गेलेलं नाही अशी सगळ्यांची समजूत होती. काकूंना ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. सत्तावीस वर्षं छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढल्या, तेव्हा कुणी साधं टोपणनाव ठेवायची तसदी घेतली नव्हती. निवृत्त होऊन गोळ्या चघळायला लागल्या आणि बाई एकदम प्रसिद्ध झाल्या.

हे काम त्यांच्या गळ्यात घातलं मावसबहिणीनं. तिचं गोळ्यांचं दुकान होतं, आणि त्यातही चित्रविचित्र गोळ्यांचं. कांद्याची गोळी, धुराच्या वासाची गोळी, तोंडात तडतडणारी, जीभ निळी करणारी. गिऱ्हाईक यायचं, बरण्यांकडे डोळे फाडून बघायचं आणि हसून निघून जायचं. शेवटी तिनं काकूंना गळ घातली, की ताई, तू एकेक गोळी खाऊन बघ आणि चार ओळी लिहून दे, मी बरणीवर लावते. काकूंनी कांद्याच्या गोळीवर लिहिलं, ‘कांदा आहे. अधिक काही सांगण्यासारखं नाही.’ निळ्या गोळीवर लिहिलं, ‘रंग दोन दिवस टिकतो. मुलाखतीला जाणाऱ्यांनी टाळावी.’ तडतडणाऱ्या गोळीवर कवळी असणाऱ्यांना जपून राहायला सांगितलं. लोक नुसत्या चिठ्ठ्या वाचायला येऊ लागले आणि जाताना हातात पुडी असायची.

काकूंची चाखायची पद्धत ठरलेली होती. सकाळी नाश्त्यानंतर तासाभरानं साध्या पाण्यानं चूळ भरायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी घड्याळ समोर ठेवून बसायचं. गोळी चावायची नाही. पहिली तीन मिनिटं ती डाव्या गालात ठेवायची, मग उजव्या. एकाच गालाच्या साक्षीवर निकाल देणं त्यांना पटत नसे. यजमान बस डेपोतून निवृत्त झालेले मिस्त्री. ते समोर पेपर वाचत बसत, पण बोलायची परवानगी नव्हती. संसारातला सगळ्यात शांत वेळ हाच, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

गेल्या वर्षभरात मात्र चिठ्ठ्यांमध्ये एक वाक्य वरचेवर यायला लागलं होतं, ‘चव उशिरा लागते.’ धुराच्या गोळीवर, मिरीच्या गोळीवर, सगळीकडे तेच. बहिणीनं एकदा विचारलं, की हल्ली सगळ्याच गोळ्या उशिरा उठतात का? काकू म्हणाल्या, गोळ्या करणारे चिकट झालेत, वरच्या थरात मालच घालत नाहीत. त्याच वर्षी काकूंचा डावा कान अधूनमधून वाहत होता. त्यात कापूस घातला की काकूंच्या लेखी तो विषय संपायचा. त्या बाजूनं यजमान काही बोलले तर ऐकू येत नसे. त्याचा दोष काकूंनी यजमानांच्या पुटपुटण्याला दिला होता.

मग पाच चवींची गोळी आली. आधी खारट, मग आंबट, मग गोड, मग आल्याची तिखट आणि शेवटी पुदिना. काकूंनी नेहमीप्रमाणे घड्याळ लावून चाखली, तीनदा चाखली आणि चिठ्ठी लिहिली, ‘पाकिटावर पाच चवी, तोंडात तीन. खारट आणि आंबट पाकिटावरच राहिल्या असाव्यात.’ लोक पोट धरून हसले. बरणी होती तशी भरलेली राहिली.

आठव्या दिवशी ती गोळी करणारा गोळीवाला दुकानात येऊन उभा राहिला. चाळिशीचा माणूस, बोटांवर गरम पाकाचे जुने चटके. घरीच गोळ्या करायचा. एकेक थर हातानं चढवायचा आणि दिवसभर सुकवायचा, म्हणजे एका घाण्याला पाच दिवस. काकू तिथेच स्टुलावर बसल्या होत्या. त्यानं आवाज चढवला नाही, पण आडपडदाही ठेवला नाही. चिठ्ठी खोटी आहे, म्हणाला.

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. हयातीत त्यांना खोटं कुणी म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, बसा समोर आणि बघा मी कशी चाखते ते. त्यांनी चूळ भरली आणि बरणीतली एक गोळी डाव्या गालात ठेवली. त्याच बरणीतली दुसरी त्यानं आपल्या तोंडात टाकली. मिनिटाभरानं तो म्हणाला, खारट आलं. काकूंनी मान हलवली, नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, आंबट. काकूंनी पुन्हा मान हलवली. तीन मिनिटं झाल्यावर त्यांनी गोळी उजव्या गालात घेतली, तेव्हा गोड चव नीट लागली. झालं, काकू जिंकल्यासारख्या त्याच्याकडे बघायला लागल्या.

तो मात्र त्यांच्या गालाकडे बघत होता. जरा नरमाईनं त्यानं विचारलं, की एकदा उजवीकडून सुरुवात कराल का? काकूंना ते काही रुचलं नाही. पण छापखान्याची सवय अंगात मुरलेली. चूक मूळ लिखाणात नाही, तपासणीत आहे, असं लेखक म्हणाला तर पान पुन्हा बघायचं असतं. त्यांनी नवी गोळी उजव्या गालात ठेवली. खारट असं लागलं की डोळ्यांत पाणी आलं. मग स्वच्छ, झणझणीत आंबट. गोड सुरू झाल्यावर त्यांनी गोळी डावीकडे सरकवली आणि चव जवळजवळ गेलीच. आल्यानं जीभ चुरचुरली तेवढीच. काकूंनी ती परत उजवीकडे नेली, तशी चव परत आली.

गल्लीभर नाचक्की झालेल्या गोळीवाल्याला आता बोलायची आयती संधी होती. बहीण तर चिठ्ठी काढायलाच धावली. त्यानं तिला थांबवलं.

“काकू, गोळीचं राहू द्या,” तो म्हणाला. “तुम्ही आधी डॉक्टरांकडे जा. आजच जा.”

दातांच्या डॉक्टरांनी जीभ उलटसुलट तपासली, तिला काहीच झालं नव्हतं. त्यांनी कानाबद्दल विचारलं, तेव्हा काकूंच्या आधी यजमानच बोलले आणि वर्षभराचं गाऱ्हाणं घालून मोकळे झाले. तिथून कानाच्या डॉक्टर, मग तपासण्या. चवीची एक नस कानाच्या आतून जिभेकडे जाते, हे काकूंना साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आत एक गाठ वाढत होती. तिनं ऐकण्याची बारीक हाडं कुरतडली होती आणि ती नस दाबली होती. आणखी वेळ गेला असता तर चेहरा वाकडा झाला असता, तोल गेला असता, आणि पुढे गाठ मेंदूपर्यंत पोचली असती. तोंड वाकडं झाल्यावरच लोक आमच्याकडे येतात, तुम्हाला आधी कसं कळलं, असं डॉक्टरांनी विचारलं. काकूंनी खरं काय ते सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं पुन्हा सांगायला लावलं.

शस्त्रक्रियेत ती नस बहुधा कापावी लागणार होती. म्हणजे डाव्या बाजूची चव कायमची गेली. मरणाचं त्यांना तितकं वाटलं नाही, जितकं चघळकाकू न राहता पुन्हा कुणीच नसण्याचं वाटलं. संध्याकाळी यजमान त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसले.

“अगं, अर्ध्या जिभेनंसुद्धा तू मला पुरून उरशील,” ते म्हणाले.

नस कापावी लागली. गाठ सगळी निघाली. चेहरा जसाच्या तसा राहिला. महिन्याभरानं काकू टेबलाशी बसल्या आणि गेल्या वर्षभरात चिठ्ठी लिहिलेल्या सगळ्या गोळ्या त्यांनी उजव्या गालात धरून नव्यानं चाखल्या. तेवीस चिठ्ठ्या चुकल्या होत्या. बावीस त्यांनी मुकाट्यानं बदलल्या. तेविसावी घेऊन त्या गोळीवाल्याच्या घरी गेल्या, कारण छापण्याआधी मजकूर लेखकाला दाखवायचा असतो.

तो ओट्याशी थर चढवत होता. हात पुसून त्यानं वाचलं: ‘शुद्धिपत्र. या गोळीत पाचही चवी आहेत, सांगितलेल्या क्रमानं आणि चोख. दोष परीक्षकाच्या डाव्या कानात होता. तो या गोळीमुळे सापडला. परीक्षक यापुढे फक्त उजवीकडून चाखेल, वाचकांनी नोंद घ्यावी.’

कानाचं काढून टाका, लोक हसतील, असं तो म्हणाला. काकू म्हणाल्या, गोळीलाही हसलेच होते.

“काकू, खरं सांगू? त्या दिवशी मी तुमच्याशी भांडायला आलो होतो. तुमचं भलं करायला नव्हतो आलो.”

“म्हणून तर वाचले,” काकू म्हणाल्या. “भलं करायला कोण येणार होतं? मला काही झालंय, हे मलाच कुठं माहीत होतं?”

त्यानं खिशातून पेन काढलं आणि छापखान्यात लेखक करतात तशी चिठ्ठीच्या कोपऱ्यात सही केली. ओटा पाकानं चिकट झालेला, म्हणून काकूंनी कागद खालून धरला.