पाच टोपल्या निर्माल्य

माझी फजिती ऐकायचीय ना? मग आधी चहा संपवा, नाहीतर मध्येच ठसका लागायचा. आणि हसताना एवढं ध्यानात ठेवा, की त्या सकाळी मी भांगेचा थेंबही घेतला नव्हता. बनारसमध्ये हे आधी सांगावं लागतं!

मुन्शी घाटाजवळ माझं पूजासाहित्याचं दुकान. कापूर, वाती, उदबत्त्या, जानवी. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. नव्वद सालानंतरचे ते दिवस. जो तो गंगा स्वच्छ करण्याच्या गोष्टी करायचा. एक दिवस ब्रह्मा घाटाजवळच्या आपल्या मराठी वस्तीतल्या शाळेच्या लेलेबाई दुकानात आल्या.

"काका, मुलांना पर्यावरण शिकवायचंय, पण पुस्तकातून नको. घरोघरचं निर्माल्य गोळा करायचं, गंगेत न सोडता शाळेच्या अंगणात खड्ड्यात घालायचं आणि खत करायचं. तुम्ही व्यापाऱ्यांनी हातभार लावलात तर जमेल."

"लावला!" मी म्हटलं. खड्डा बांधून दिला, टोपल्या दिल्या, फुलं वाळवायला माझी गच्ची दिली. शिवाय एक पाटी रंगवून घेतली: 'निर्माल्य गंगेत सोडू नका.' खाली माझ्या दुकानाचं नाव. आता ते नाव उपदेशाच्या दुप्पट मोठं झालं, त्याला मी काय करणार? पेंटरला माझ्याबद्दल आदर!

मुलांनी तीन आठवडे घरं पालथी घातली. सातवीतली वैजू तर आज्यांशी भांडून फुलं आणायची.

"देवाची फुलं खड्ड्यात? पाप लागेल गं!"

"आजी, त्याच खतावर तुमची तुळस वाढेल. मग देव रागावेल का?"

अशा पाच टोपल्या भरल्या. हेडमास्तरांनी मात्र बजावलं होतं, रविवारी पाहुण्यांसमोर खड्डा भरला तर ठीक, नाहीतर तिथे सायकल स्टँड.

रविवारी पहाटे गच्चीवरच्या टोपल्या आणि ती पाटी घेऊन शाळेकडे जायला नावेत बसलो. गंगेवर दाट धुकं. घाट दिसेनात, नुसत्या घंटा ऐकू येत होत्या. लल्लन नाववाल्यानं वल्ही उचलून धरली आणि नाव प्रवाहाबरोबर आपोआप वाहू लागली.

आणि मीही वाहू लागलो! डोळ्यांसमोर शाळेचं अंगण. आपल्या खतावर वाढलेली पारिजातकाची झाडं, खाली फुलांचा सडा, त्यात मी म्हातारा होऊन बसलोय आणि मुलं विचारतायत, "आजोबा, ही बाग तुमची?" मी मनातल्या मनात भाषण रचत होतो. "माझ्या बालमित्रांनो…"

आता तुम्हीच सांगा. सकाळची वेळ, समोर गंगा, हाताशी निर्माल्याची टोपली. कळायला लागल्यापासून रोज सकाळी या हातानं काय केलंय? माझं भाषण रंगात आलं आणि हातानं टोपली उचलली, कपाळाला लावली, पालथी केली. वर नमस्कार!

लल्लननं विचारलं, "का सेठ, कुल चढ़ा दीं?" म्हणजे, सगळंच वाहून टाकू का?

"हौ, हौ," मी भाषणातूनच होकार दिला.

त्यानं बिचाऱ्यानं भक्तिभावानं उरलेल्या चारही टोपल्या पालथ्या केल्या.

वाळकी फुलं ती, बुडतात कशाला? नावेच्या चारी बाजूंनी तरंगत आमच्याबरोबर निघाली. धुक्यात झेंडू, गुलाब, बेल… मला वाटलं, वा, काय सुंदर स्वप्न!

नाव घाटाला लागली. पायऱ्यांवर शाळा उभी. माझ्या मांडीवर पाटी: 'निर्माल्य गंगेत सोडू नका.' आणि मागून अख्खं निर्माल्य वरातीसारखं येतंय!

"काका," वैजूनं रिकाम्या टोपल्यांकडे पाहत विचारलं, "आमची फुलं?"

लेलेबाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा पाटीकडे पाहिलं. मग पदर खोचून ओरडल्या, "बघता काय? टोपल्या घ्या, उतरा पायरीवर!"

पोरं गुडघाभर पाण्यात शिरली. कोणी टोपलीनं, कोणी टोपीनं फुलं उपसू लागलं. हेडमास्तर खूश. "वाह सेठजी! बच्चों को क्या प्रयोग दिखाया! फूल बहकर कहाँ अटकते हैं, आँखों के सामने!"

मी नम्रपणे मान झुकवली. व्यापारी आहे हो, आलेलं गिऱ्हाईक परत कसं पाठवू?

"प्रयोग?" लल्लन मोठ्यानं म्हणाला. "अरे साहब, सेठ तो हाथ जोड़ के चढ़ाए हैं! बाकी हमसे चढ़वाए!"

घाटभर हशा. एकटी वैजू हसली नाही.

साडेतीन टोपल्या हाती लागल्या. हेडमास्तर भिजलेल्या ढिगाकडे साशंकपणे पाहू लागले, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "खाद को नमी तो चाहिए ही, सर." खड्डा भरला. सायकली बाहेरच राहिल्या.

पाटी मात्र बाईंनी शाळेत लावली नाही. दुकानात माझ्या गादीच्या बरोबर समोर लावली.

पुढे वैजू दर महिन्याला निर्माल्य न्यायला यायची. टोपल्या स्वतः नावेत ठेवायची. मी धोतर सावरून पाय टाकणार, तोच हात आडवा करून म्हणायची,

"काका, तुम्ही गल्लीतून चालत या."