जे अजून खाल्लं न्हाई

आत्याबाई कुठंही निघाल्या की पिशवीत रिकामा डबा घेऊन निघायच्या. इतर माणसं प्रवासाला जाताना भाकरी-चटणी बांधून घेतात. आत्याबाईंचा डबा जाताना घासूनपुसून रिकामा असे आणि येताना भरलेला. त्यात काय असेल याचा नेम नसे. कधी कुणाच्या घरचं लोणचं, कधी पातेल्यात उरलेली खीर, कधी नुसती मूठभर चटणी. घरात पाऊल टाकलं की त्या डब्याचं झाकण उघडायच्या आणि आम्हा सगळ्यांच्या तळहातावर थोडं थोडं ठेवायच्या. हे काय आहे असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "आदी खा, मग सांगते. नाव कळलं की जीभ लबाडी करती."

त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि त्या निरगुडसरला माहेरी आल्या, त्या इथल्याच झाल्या. मूलबाळ नव्हतं. मी पेठहून या घरात सून म्हणून आले तेव्हा त्यांची साठी उलटत आली होती. उंच, काटक बाई. कांद्याच्या लावणीला बसल्या की तरण्या बायका मागं पडायच्या. पण महिन्यातला एखादा दिवस त्या स्वतःसाठी ठेवायच्या. "देवाला जाऊन येते," एवढंच सांगून निघायच्या. देव कुठलाही चालायचा. लेण्याद्रीचा गणपती, ओतूरचा महादेव, भीमाशंकर. हात जोडून झाले की त्या देवळामागच्या आळीत शिरायच्या, एखाद्या दारात उभ्या राहायच्या आणि आतल्या बाईला विचारायच्या, "बाई, आज काय केलंया?"

पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर ओतूरला गेले, तेव्हा हे बघून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. घरातली बाई पीठ मळता मळता थांबली आणि आमच्याकडं बघत राहिली. आत्याबाई पायरीवर बसल्या, समोरच्या सुपातल्या मेथीच्या जुड्या ओढून घेतल्या आणि निवडायला लागल्या. आमच्याकडं मेथी कशी करतात ते सांगितलं. ती बाई म्हणाली, आमच्यात तशी नाही करत. मग कशी करता, यावरून बोलणं लागलं आणि मेथी निवडून होईपर्यंत दोन ताटं वाढली गेली. परत येताना मी म्हटलं, "आत्याबाई, अनोळखी घरात असं कसं विचारता तुम्ही?"

"अनोळखी कसली? चुलीवर काय हाय ते इचारलं की वळख झालीच की," त्या म्हणाल्या.

हॉटेलात जेवायला त्या कधी बसल्या नाहीत. स्टँडवर फार तर चहा. "हाटेलातला माणूस मला वाढतो का पुढच्या गिऱ्हाइकाला, ते कळत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. घरात जेवलं की वाढणाऱ्या बाईच्या तोंडाकडं बघता येतं, असं त्या म्हणायच्या.

एकदा जुन्नरच्या गाडीत त्यांच्या शेजारी एक मुसलमान बाई बसली. तिच्या मांडीवर शेवयांची पुडकी होती. ईद दोन दिवसांवर आली होती. आत्याबाईंनी शेवया कशा करणार आणि घर कुठं, ते विचारून घेतलं आणि ईदेच्या दिवशी खरोखरच तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. संध्याकाळी डब्यातून शीरखुर्मा आला. घट्ट दूध, खजूर, चारोळ्या, तुपावर परतलेल्या शेवया. आमच्या घरात असलं काही आजवर आलं नव्हतं. सासऱ्यांनी आधी नाक मुरडलं, मग वाटी पुढं केली. "आपल्या खिरीची थोरली बहीण म्हणायची ही," आत्याबाई म्हणाल्या. तेव्हापासून दर दिवाळीला आमच्या घरून करंज्यांचा डबा जुन्नरला जातो.

पण त्यांचं खरं मन लागलं ते तळेघरकडं. एका श्रावणात आम्ही दोघी भीमाशंकरला गेलो होतो. येताना धुकं इतकं दाटलं की हातभर अंतरावरचं दिसेना. तळेघरला उतरलो तर खाली जाणारी गाडी आलीच नाही, येईल की नाही तेही कुणी सांगेना. रस्त्याच्या कडेला इरलं पांघरून एक बाई गुरं हाकत चालली होती. आमच्याकडं बघून ती थांबली.

"कुठं जायाचंय, ताई?"

"निरगुडसरला."

"गाडी आता न्हाई यायची. चला घरी, भाकर खा. मंग बघू."

ती हौसाबाई. तिची वाडी रस्त्यापासून बरंच आत होती, चिखलातून चालत गेलो. तिनं आम्हाला चुलीपाशी बसवलं, कपडे सुकायला टाकले आणि जेवायला वाढलं. तांबूस तांदळाचा भात, नाचणीची भाकरी, खुरासणीची काळीशार चटणी आणि भारंगीची पालेभाजी. ती भाजी मी तेव्हा पहिल्यांदा खाल्ली. किंचित कडू, आणि तो कडवटपणा गिळल्यावर मागं गोडसर काहीतरी राहतं. आत्याबाई एरवी जेवताना भरपूर बोलायच्या. त्या दिवशी गप्प बसून जेवल्या. शेवटी ताटाकडं बघत म्हणाल्या, "हौसाबाई, इतकी वर्सं मी खाली कांदं काढत बसले, आन तुमी हितं वर हे खात व्हता."

हौसाबाई हसली. "आमाला कुठं ठावं, खाली कुणाला पायजेल म्हणून."

पुढच्या वेळी आत्याबाई तिच्याकडं मासवडीचं सगळं सामान घेऊन गेल्या. बेसन, भाजून कुटलेले तीळ, सुकं खोबरं, लसूण, काळा मसाला. हौसाबाईच्या चुलीवर पीठ शिजवलं, ओल्या फडक्यावर थापलं, त्यात सारण भरून गुंडाळी केली आणि वड्या कापल्या. वरून झणझणीत रस्सा. वाडीतल्या बायका बघायला जमल्या होत्या. एका म्हातारीनं वडी उलटीसुलटी करून विचारलं, यात मासा कुठाय? मासा फक्त नावात आहे म्हटल्यावर ती निराश झाली, पण दोनदा वाढून घेतलं. त्यानंतर वर्षातून तीन-चारदा तरी आमची तळेघरची फेरी ठरलेली असायची.

मग करोनाची दुसरी लाट आली. आमच्या घरात सगळेच आजारी पडले. आत्याबाईंचा ताप उतरला, खोकला थांबला, पण तोंडाची चव आणि नाकाचा वास गेला तो गेलाच. आमची चव पंधरवड्यात परत आली. त्यांची येईना. महिने गेले. "तोंडात भिजलेला कागद घातल्यावानी लागतं," त्या म्हणायच्या. चार घास खाऊन ताट सरकवायच्या. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, वय झालंय, धीर धरा. पण मी काय शिजवते हे आत्याबाईंनी विचारणं सोडलं. ज्या बाईनं अख्ख्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत दारोदार जाऊन तेवढंच विचारलं, ती आपल्याच स्वयंपाकघराकडं पाठ करून बाहेरच्या ओट्यावर बसून राहायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. मला भीती वाटायला लागली की ही बाई आजारानं वाचली आणि आता भुकेनं जाणार.

गाड्या सुरू झाल्या तशी मी त्यांना जवळजवळ ओढतच तळेघरला नेलं. हौसाबाईनं त्यांच्याकडं बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि नाचणीची गरम भाकरी त्यांच्या हातावर ठेवली.

"चव न्हाई लागत. बरं. गरम लागती का?"

"लागती."

"कड कुरकुरीत लागती का?"

आत्याबाईंनी चावून बघितलं. "लागती."

"मग तेवडंच खा की. बाकीचं येईल तवा येईल. मान्सं डोळं गेल्यावर चालायचं सोडत्यात का?"

त्या दिवशी आत्याबाईंनी अख्खी भाकरी खाल्ली. खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्या थांबल्या नाहीत.

घरी आल्यावर त्या पुन्हा चुलीपाशी येऊन बसायला लागल्या. चव लागत नव्हती, म्हणून त्यांनी माझी जीभ कामाला लावली. रस्सा उकळला की पळी माझ्यापुढं धरायच्या. "सांग." मी म्हणायचे, मीठ कमी आहे. "कमी म्हंजी कसं? अळणी लागतं का नुसतं फिकं?" मी म्हणायचे, बरं लागतंय. "बरं म्हंजी काय? बरं तर पाणी बी लागतं." मला शब्द सापडायचे नाहीत, मग पुन्हा चाखायचे, डोळे मिटून शोधायचे. तीळ जास्त भाजले गेलेत, लसूण कच्चा राहिलाय, खोबरं जुनं आहे. आत्याबाई ऐकायच्या आणि त्यावरून हात चालवायच्या. त्या सहा-आठ महिन्यांत मी जेवढा स्वयंपाक शिकले तेवढा सगळ्या संसारात शिकले नव्हते. त्याआधी मी नुसती पोटं भरत होते, असं आता वाटतं.

पुढचा श्रावण आला. आम्ही वर गेलो. हौसाबाईनं भारंगी वाढली. आत्याबाईंनी पहिला घास घेतला आणि त्यांचा हात तसाच ताटावर राहिला.

"हौसाबाई," त्या हळूच म्हणाल्या, "भाजी उकळून पाणी टाकून दिलं न्हाई का?"

"न्हाई टाकलं. का वं?"

"कडू लागतीय."

हौसाबाईनं पदर तोंडाला लावला. "म्हणूनच न्हाई टाकलं, ताई."

ती भाजी इतकी कडू होती की मला एक घास गिळवेना. आत्याबाईंनी मात्र मागून मागून खाल्ली, अगदी हावरटासारखी, आणि मधूनमधून माझ्याकडं बघून हसत होत्या. कडूनंतर महिन्याभरात आंबट आलं, मग तिखट. फोडणीतल्या लसणाचा वास आला त्या दिवशी त्यांनी शेजारच्या आळीपर्यंत जाऊन सांगितलं. गोड शेवटपर्यंत पूर्ण लागलं नाही. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. "आता गोडाचं वय बी न्हाई ऱ्हायलं," म्हणायच्या.

त्यानंतर त्या आणखी हिंडल्या. गुडघे दुखायचे, तरी हिंडल्या. गेल्या उन्हाळ्यात मात्र हृदय थकलं. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच ठेवा, आवडेल ते द्या. मी खाटेपाशी बसले आणि विचारलं, "आत्याबाई, काय खावंसं वाटतं? मासवडी करू? हौसाबाईला निरोप धाडू?"

त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, "जे अजून खाल्लं न्हाई ते दे काईतरी."

मी बुचकळ्यात पडले. आमच्या दोन्ही तालुक्यांत त्यांनी खाल्लं नाही असं काय उरलं होतं? मग मला आमच्या शेजारच्या पोल्ट्रीवर कामाला असलेलं बिहारचं जोडपं आठवलं. बाईचं नाव रीना. जाता-येता आम्ही एकमेकींकडं बघून हसायचो, त्यापलीकडं बोलणं नव्हतं. मी तिच्या खोलीच्या दारात गेले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, आज क्या बनाया है? तीही आधी पीठ मळता मळता थांबली. मी कारण सांगितल्यावर तिनं हात धुतले, डब्यातून सत्तू काढला, पाण्यात कालवला, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, लिंबू, मीठ घातलं आणि पेला पदराखाली झाकून माझ्याबरोबर आली.

आत्याबाईंनी घोट घेतला, तोंडात घोळवला, परत घेतला.

"फुटाण्याचं पीठ हाय," त्या म्हणाल्या. "पण आपल्यावानी न्हाई. पोटात गार गेलं." मग रीनाकडं वळून विचारलं, "तुझ्या गावाला कंची गाडी जाती गं?"

रीनाला मराठी बेताचंच कळत होतं, पण हे कळलं. तिनं पुण्यापासूनचा सगळा रस्ता सांगितला, कुठं उतरायचं, पुढं कशानं जायचं. आत्याबाई लक्ष देऊन ऐकत होत्या, जशा काही त्या उद्याच निघणार होत्या. त्या आठवड्यात रीना रोज आली. एकदा लिट्टी घेऊन आली, निखाऱ्यावर भाजलेली, आत सत्तू भरलेला. आत्याबाईंनी तिचा चतकोर खाल्ला आणि मला म्हणाल्या, "शिकून घे हिच्याकडनं." दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन ओट्यावर येता येता त्या गेल्या. चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता.

हौसाबाई दहाव्याला आली. रीनाही होती. एकीला हिंदी येत नाही, दुसरीला मराठी धड येत नाही, तरी दोघी मागच्या अंगणात बराच वेळ बसल्या होत्या. नंतर रीनाकडून कळलं की भाजी कडू का ठेवतात, ते हौसाबाई तिला हातवाऱ्यांनी समजावत होती.

रीना या वर्षी छठपूजेला गावी जाणार आहे. मी तिच्याबरोबर निघाले आहे. आजवर मी पुण्याच्या पलीकडं कधी गेलेले नाही. घरात सगळ्यांना नवल वाटलं, पण तिकीट आमच्या यांनीच काढून आणलं. दिवाळी झाली की निघायचं. परवा रीनानं तिच्या सासूला फोन लावून दिला. ती म्हातारी खूप बोलली, हसत हसत बोलली, आणि त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. मी नुसतं हो हो म्हणत राहिले. फोन ठेवताना ती म्हणाली, "भूख लेके आइएगा."

एवढं मला नीट कळलं. मी म्हटलं, आणते.