पुरातली पंगत

सोप्या गोष्टीत माणसाला चकवा लावावा तर माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांनीच. घरी कुणी पाणी मागितलं तरी "किती जणांना?" असं विचारत, एकट्यादुकट्याला लागणारी वस्तू त्यांच्या लेखी वस्तूच नव्हती. रोह्याच्या एका कंपनीत त्यांनी जन्मभर स्टोअर सांभाळलं. निवृत्तीनंतर रोह्याजवळच्या वरसे गावातल्या घरात स्वस्थ बसवेना, म्हणून पुरात-दरडीत मदतीचं सामान कसं पोचवायचं, हे स्वयंसेवकांना शिकवायला ते पेणला येऊ लागले. पहिल्या शिबिरात मीही होतो. ट्रक, गोदाम, याद्या शिकायला वही घेऊन गेलो, तर गृहस्थांनी आम्हाला समोरासमोर दोन पंक्तींत बसवलं आणि चौघांच्या हाती भाताच्या पराती दिल्या. "रांगेत उभा केलास की माणूस भिकारी होतो, पानावर बसवलास की पाहुणा. सामान आपण त्याच्याकडं न्यायचं." इथवर कळलं. पुढं म्हणाले, "पानात मीठ पहिलं पडतं, म्हणून ट्रकात ते शेवटी चढतं." गडबच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "पन पुरात मीठ कशाला?" त्याच्यावर उखडले, "मी मिठाचं बोलतोय काय?" मग कशाचं, ते तीन दिवसांत सांगितलं नाही. आम्ही आपलं वहीत लिहून घेतलं: मीठ शेवटी.

कुंडलिका नदीचं पाणी रोह्यात शिरलं त्या वर्षी आम्ही पेणहून टेम्पो भरून निघालो. लोकांना ठेवलं होतं त्या शाळेत पोचून फाळका उघडला, तर पुढ्यात मिठाच्या आठ गोणी! धरमतरकडच्या मंडळींनी मिठागरातून आणून, शिकवल्याप्रमाणे, प्रेमानं शेवटी चढवलेल्या. सगळ्यांत आधी लागणारा भात आणि पिण्याचं पाणी त्यांच्यामागं गाडलेलं. आणि बघायला समोर खुद्द सासरे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. त्यांच्याही घरात पाणी खिडकीला लागलं होतं. आता काही खरं नाही, असं वाटलं. पण ते गोणींकडे नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "हे मी शिकवलं?"

मग लोकांना पंक्तीत बसवायला लागले. तेवढ्यात बहिणीनं मला बाजूला ओढलं. "दादा, मामंजींनी कालपासून काय खाल्लं नाय रे. साखरेचं दुखणं, सकाळपासून दोनदा चक्कर आली. पण सगळ्यांचं झाल्याशिवाय बसणार नाय म्हणतात."

मी घाबरलो. त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "आज यजमान आम्ही पेणकर. तुम्ही बसा."

"मी? पाहुणा?" आयुष्यभर दुसऱ्यांना चक्रावून सोडणारा तो माणूस धड उभा राहीना, धड बसेना. मला फार वाईट वाटलं. शेवटी भिंतीला धरून ते बसले. मी वाढलं. भाताला हात न लावता त्यांनी हळूच विचारलं, "मागच्यांना पुरेल ना रे?"

"पुरेल."

आज ते नाहीत, म्हणून कबूल करतो: माणसं किती, भात किती, मला काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडावरून त्यांना ते नक्की कळलं असणार. तरी त्यांनी मान खाली घातली आणि पहिला घास घेतला.