धर्मादादाचा रिकामा खिळा

शिकार झाली की गोष्ट एकच उरते. मारली, वाटली, खाल्ली, संपली. शिकार हुकली की मात्र दहा गोष्टी होतात, आणि सांगणारा प्रत्येक जण त्यात अकरावी घुसडतो. आमी वीस वर्षं सांबराच्या मागं फिरलो आणि एकही पाडलं नाय. तेव्हा आमच्याकडं ढीग किती असेल बघा!

आधीच सांगतो. सांबर मारणं तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. उगाच अंगावर येऊ नका. ज्यानं मारलंच नाय त्याला काय धरणार? आणि माझं शिक्षण चौथी. ज्याला शुद्धलेखन तपासायचं असेल त्यानं दुसरीकडं जावं.

खर्डीच्या वरच्या अंगाला, रानाला लागून आमचं गाव. आमी चौघं. धर्मादादाकडं ठासणीची बंदूक, तिचं लायसन पिकात डुकरं येतात म्हणून. कमळू वरच्या ठाकूरवाडीतला. माग काढावा तर त्यानंच, दगडावरून गेलेलं जनावरसुद्धा सांगायचा. जनू वाशिंदला कंपनीत, सुट्टीला आमच्यात. आणि चौथा मी. माझं काम चुका बघणं.

भात झोडून झालं, थंडी पडली की सांबराचा नर माजावर येतो. एरवी पान हललं तरी पळणारं जनावर, पण त्या दिवसांत त्याची अक्कल जाते. चिखलात मुततं, त्यातच लोळतं, झाडाला शिंगं घासतं, दुसऱ्या नराची चाहूल लागली की भांडायला धावत येतं. आमच्या गावातही अशी माणसं आहेत, फक्त शिंगं नायत.

धर्मादादाच्या दारावर त्याच्या बापानं मारलेल्या सांबराची शिंगं. जोडी भली मोठी, खाली कवटीचा तुकडा. बाप गेला, बंदूक धर्मादादाच्या नावावर झाली, त्याच दिवशी त्यानं शिंगांच्या शेजारी दुसरा खिळा ठोकला. आमच्याकडं रिवाज असा की मटण सगळ्यांचं, पण ज्याची गोळी लागली त्याची शिंगं. "बापाच्या शेजारी माझी शिंगं लागली पायजेत," म्हणाला. खिळा ठोकला पंचवीस वर्षांचा असताना. पुढचं सगळं त्या खिळ्यापायी.

त्याचा मेहुणा मुरबाडचा. दर दिवाळीला जीपनं यायचा, चहा घ्यायचा, वर बघायचा आणि म्हणायचा, "भावोजी, खिळा गंजला. कॅलेंडर तरी लावा!"

*

एका वर्षी कमळूला सांबराची लोळण सापडली. ताजा चिखल, वास असा की डोळ्यात पाणी. कमळू म्हणाला, "माणसाचा वास जाया पायजे. ह्यो चिखल अंगाला लावा."

मी नाय लावला. धर्मादादानं हातापायाला लावला. जनू कंपनीतला माणूस, त्याला सगळं परफेक्ट लागतं. तो चड्डीवर उतरला आणि दोन वेळा लोळला. वर म्हणतो, "फुल कोटिंग झालं पायजे!"

सकाळपासून दुपारपर्यंत बसलो. सांबर काय आलं नाय. जनू घरी गेला तर गोठ्यातल्या म्हशीनं त्याचा वास घेतला आणि दावं तोडून पळाली. ती संध्याकाळी शेजारच्या गावात सापडली. जनूची बायको दारात उभी. म्हणाली, "सांबर येवो नायतर न येवो, आज तुमी घरात येऊ नका!"

*

त्याच्या पुढच्या थंडीत सांबर दिसलं. हे मी डोळ्यानं बघितलंय. वीस पावलांवर, उघड्यावर, माद्यांच्या मागं लागलेला नर. धर्मादादानं घोडा ओढला. फुस! बार पेटवणारी केप ओली.

सांबरानं एकदा आमच्याकडं बघितलं आणि परत माद्यांकडं बघायला लागलं. आमची त्याला पर्वाच नव्हती.

कमळू हळूच म्हणाला, "दादा, परत ठासा. तो काय जात नाय."

धर्मादादानं जुनी दारू काढली, नवी भरली, वर गोळी घातली, गजानं ठासली, नवी केप लावली. सांबर तोवर उभंच! मग नेम धरला आणि बार काढला.

बार झाला, पण धर्मादादा नळीतून गज काढायचा विसरला होता. लोखंडाचा तो गज सांबराच्या डोक्यावरून गेला आणि पलीकडच्या ऐनाच्या झाडात हातभर घुसला. सांबर पळालं. गज ओढून काढायला आमी तिघं लटकलो, निघाला नाय. झाड अजून उभं आहे, गजाभोवती साल आलीय.

गज झाडातच ठेवून आमी घरची वाट धरली. मग जनू म्हणाला, "दादा, निदान लाकडाची तरी शिकार झाली!"

धर्मादादा त्याच्याशी होळीपर्यंत बोलला नाय.

*

एकदा भल्या सकाळी रानातून उतरताना नवा गार्ड समोर आला. तरुण, कडक इस्त्रीचा. डुकराचं लायसन असलं तरी रानात बंदूक घेऊन फिरायचं काय कारण?

"काय मारलं?" गार्डनं विचारलं.

"काय नाय, साहेब."

त्यानं पिशव्या बघितल्या, हात हुंगले, बंदुकीची नळी हुंगली. मग विचारलं, "बंदूक कोणाची?"

"माझी. धर्मा."

गार्डनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "गज मारणारा धर्मा तूच काय?"

"व्हय."

"मग जा."

धर्मादादाला सोडल्याचं जास्त लागलं. गाव येईपर्यंत म्हणत होता, "पकडायला पायजे व्हतं रे त्यानं. निदान कागदावर तरी शिकारी झालो असतो!"

*

इलेक्शन आली की लायसनच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. एका वर्षी इलेक्शन नेमकी थंडीत आली. बंदूक शहापूरला ठाण्यात, आणि इकडं शिंगाळ नर रोज उजाडायला धर्मादादाच्या वालाच्या शेतात. हा बांधावर ढेकळं घेऊन उभा. एक ढेकूळ मारलं, तेही शेजाऱ्याच्या खोपटावर.

मला म्हणतो, "ह्याला कोणी सांगितलं रे इलेक्शन हाय म्हणून?"

*

मग मोबाइल आले. जनूनं सगळ्यात आधी घेतला. गावात रेंज नाय, डोंगराच्या धारेवर मात्र फुल. हे आमाला धारेवर बसल्यावर कळलं. खालून सांबर येतंय, फांद्या मोडल्याचा आवाज येतोय, धर्मादादानं बंदूक उचलली, आणि जनूच्या खिशात सनई सुरू झाली!

कंपनीतला सुपरवायझर. जनूनं घाबरून फोन उचलला तर आतला आवाज सगळ्या रानाला ऐकू गेला, "जनू, ओव्हरटाइमला येतो काय?"

सांबर गेल्यावर धर्मादादानं फोन हातात घेतला आणि म्हणाला, "त्याला घेऊनच जा साहेब. आमी नाय परत मागणार."

*

सांबराची शिंगं चैत्रात गळतात. कमळूला रानात एक गळलेलं सापडलं. चांगलं हातभराच्या वर. त्यानं आणून धर्मादादाच्या ओटीवर ठेवलं. बिचाऱ्याचा हेतू चांगला. "लावा दादा. कोण इचारतंय?"

धर्मादादानं ते उचललं, खिळ्याकडं बघितलं. मला वाटलं लावतो आता. मग तसाच उठला, नाल्यावर गेला आणि शिंग डोहात फेकून आला.

"पडलेलं उचलाया मी भंगारवाला हाय काय?"

हे शिंग ध्यानात ठेवा. ते फेकलं नसतं तर पुढचं झालं नसतं.

*

शेवटी धर्मादादाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पोरगा कल्याणला नोकरीला, त्याला बंदूक नको होती. धर्मादादा म्हणाला, "यंदाची थंडी शेवटची. मग बंदूक जमा करतो."

कमळूनं शेवटची अक्कल लढवली. "दादा, माजावरच्या नराला शिंगं घासल्याचा आवाज ऐकवला की तो भांडाया येतो. आपणच घासू. पण खरी शिंगं पायजेत, लाकडाचा आवाज त्याला कळतो."

गळलेलं शिंग डोहात गेलेलं. खरी शिंगं गावात एकच जोडी होती. धर्मादादानं दाराकडं बघितलं. मग स्टुलावर चढला आणि बापाची शिंगं उतरवली.

उजाडताच आमी नाल्याच्या अलीकडं बसलो. धर्मादादा आणि मी दगडामागं, कमळू आमच्या डावीकडं झाडाला शिंगं घासत. जनू खाली वाटेवर, फोन घरी ठेवून. ऊन वर आलं तरी काही नाय. मग घासायचा आवाज थांबला. मला वाटलं कमळू तंबाखू मळत असेल.

वारा फिरला होता. कमळू जागा बदलायला नाल्यापलीकडं गेला होता. आमाला न सांगता.

थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला. खर्र, खर्र. धर्मादादानं माझा हात असा दाबला की वळ उठला. "आला!"

समोर वाळलेल्या कारवीची झुडपं. कारवीच्या वर शिंगं. हलतायत, झाडाला घासतायत. खोटं कशाला बोलू, माझे डोळे चांगले होते, पण मलाही सांबरच दिसलं. मीच त्याच्या कानात म्हटलं, "शिंगाच्या खाली, छातीवर घे."

त्यानं छातीवरच नेम धरला. बार काढला.

नेम चुकला म्हणून कमळू आज आहे. गोळी वर गेली आणि उजव्या शिंगावर बसली. शिंग कवटीपासून तुटून उडालं. कारवीतून कमळू उभा राहिला, हातात कवटी आणि डावं शिंग, तोंड पिठासारखं पांढरं.

"दादा! ते मेलेलंच व्हतं!"

धर्मादादा तिथंच खाली बसला. बंदूक बाजूला ठेवली, परत तिला हात लावला नाय. ती मी खांद्यावर घेतली. कमळूनं नाला ओलांडला, येताना तुटलेलं शिंग शोधून आणलं. ते धर्मादादाच्या मांडीवर ठेवलं आणि समोर तंबाखू मळत बसला.

"घ्या दादा," तो म्हणाला. "ज्याची गोळी, त्याचं शिंग."

पुढच्या आठवड्यात बंदूक जमा झाली. त्यानंतरच्या दिवाळीला मुरबाडचा मेहुणा जीपनं आला, ओटीवर बसला, चहा घेतला आणि सवयीनं वर बघितलं. दोन खिळे, दोन्हीवर एकेक शिंग.

"भावोजी, हे काय?"

धर्मादादानं बशीतला चहा संपवला, तोंड पुसलं.

"डावं बापानं मारलं. उजवं मी."