बियाण्याखालच्या फळ्या

भाताच्या बियाण्याच्या पोत्यांखालचं लाकडी पॅलेट उचकटून त्याची भांड्यांना मांडणी करणारी शहाणी सून म्हणजे मीच! काल लेकानं अंगणात पॅलेट फोडलं, त्या लाकडाचा वास आला आणि मार्गासनीचं सासरचं घर आठवलं. तेव्हा मी नवी सून; पहारीनं फळ्या सोडवल्या, वाकडे खिळे ठोकून सरळ केले आणि पोती खुशाल जमिनीवर टेकवली. वळवाचं पाणी घरात शिरलं, बियाण्याला पोत्यातच कोंब फुटले. पेरणी तोंडावर आली होती. माझी मांडणी तेवढी कोरडी! सासूबाई बियाणं मागायला पासलीला माहेरी निघाल्या. मी उंबऱ्यात रडत उभी होते; आजही ते आठवलं की मान खाली जाते. त्या म्हणाल्या, "गप ऱ्हा. माज्याच हातनं भिजलं म्हून सांगंन. तुला हितं अजून लई दिस काढायच्यात."