डावीकडचा उंट

शेषगिरीरावांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एक कोट उसवत होते. शिवरामपेटेतल्या त्यांच्या दुकानात मी पँट शिवायला टाकायला गेलो होतो. कोट दुसऱ्याच कुणीतरी शिवलेला, खांद्यावर चुणी पडलेली. मी म्हटलं, खांदाच उसवा की. ते म्हणाले, चुणी तिथं दिसते, चूक तिथं असेलच असं नाही. शेवटच्या टाक्यापासून मागं जायचं.

आमचं बुद्धिबळही पुढं त्याच रीतीनं चाललं. रविवारी दुकान बंद. कापायच्या टेबलावर पट मांडायचा, आणि डाव संपला की ते म्हणायचे, "उसवू या, मेष्ट्रे." मी शाळामास्तर, म्हणून मेष्ट्रे. मग मात झाली तिथून एकेक खेळी मागं घेत आम्ही चुकीपर्यंत पोचायचो. डावापेक्षा उसवायलाच जास्त वेळ लागे. चूक बहुधा माझीच निघायची आणि ते मजेत हसायचे.

संध्याकाळी आम्ही राजवाड्याचे दिवे बघायला जात असू. एकदा तिथं ते म्हणाले, प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडं किती सुरेख दिसतं. मला कडं दिसत नव्हतं. जन्म रंगीत कापडात गेलेल्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त दिसत असेल, असं मला वाटलं.

मग ते हरू लागले. आधी त्यांनी माझीच थट्टा केली, की या वयात मेष्ट्रेंनी चोरून शिकवणी लावली. नंतर थट्टा थांबली. त्याच सुमारास एका नवरीचं रेशमी ब्लाउज डाव्या कडेला आखूड कापलं गेलं. त्यांनी कात्री धार लावायला पाठवली.

एका रविवारी डाव उसवताना ते माझ्या उंटापाशी अडले. उंट त्यांच्या बाजूनं पटाच्या डाव्या कडेला उभा होता.

"हा इथं कधी आला?"

"मघाचाच आहे. तुमच्यासमोर ठेवला."

त्यांनी मागच्या रविवारचा डाव मांडायला लावला. मग त्याच्या आधीचा. कधी हत्ती, कधी घोडा. प्रत्येक वेळी मार डावीकडूनच आला होता. त्यांनी चष्मा काढला, उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि पटावर बोटं फिरवत सोंगट्या शोधू लागले.

डॉक्टरांनी सांगितलं, डावा डोळा जवळजवळ गेला आहे, उजव्याचीही नाकाकडची बाजू गेली आहे. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही. त्यांनी आणखी एक विचारलं होतं, दिव्यांभोवती कधी रंगीत कडी दिसायची का?

दवाखान्यातून आम्ही थेट दुकानात आलो. सून नागरत्ना कापड कापत होती. तिनं टेबल मोकळं केलं. शेषगिरीरावांनी उंटापाशी अडलेला तो डाव पुन्हा मांडला, पण खेळायला नाही.

"मला वाटलं सगळ्यांनाच दिसतात ती कडी," ते म्हणाले. "तुम्हालाही दिसत होती, अलवा? हो ना?"

मी नाही म्हटलं.

त्यांनी डावीकडचा उंट चाचपून उचलला आणि त्याच्या मूळ घरात ठेवला. पुन्हा पुढं आणला, पुन्हा मागं नेला.

"एवढी एक खेळी मागं घेऊ द्या, मेष्ट्रे. तिथूनच चुकली. पुढचं सगळं नीट खेळतो मी."

नागरत्ना कात्री हातात धरून उभीच राहिली.

त्यानंतरही काही महिने ते खेळले. कोंबडीसारखी मान तिरपी करून अख्खा पट शोधायचे, सोंगट्या बोटांनी चाचपायचे. उसवायला मात्र कधी बसले नाहीत. उजव्या डोळ्याची उरलेली बाजूही अंधुक झाली, तसा एके दिवशी त्यांनी पट माझ्या पिशवीत घातला आणि घेऊन जा म्हणाले.

दुकानात कापायचं काम आता नागरत्ना करते. दाराजवळच्या स्टुलावर बसून शेषगिरीराव बोटांनी अंदाज घेत शर्टांना बटणं लावतात, आणि सुईत दोरा त्यांच्या पत्नी सोयराबाई ओवून देतात.