करगोट्याला बांधलेली फर्स्ट एडची किल्ली

बांधकामावर दोन ढीग कोणी उचलत नाही: फुटक्या विटांचा आणि असल्या किश्श्यांचा. विटांचं ठेकेदार बघेल. किस्से मात्र आता सांगितले नाहीत तर माझं डोकं फुटेल, आणि आमच्या साईटवर डोकं फुटायला परवानगी नव्हती. का, ते सांगतो.

रुआबांध्याला फ्लॅटची इमारत उभी राहत होती. पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडून मी घरी बसलो, तेव्हा बाबांनी मला वानखेडे काकांच्या हवाली केलं. काका आमचे जुने शेजारी, स्टील प्लांटमधून क्लार्क म्हणून रिटायर झालेले, आता ठेकेदाराकडे सेफ्टी इन्चार्ज. म्हणजे आयुष्यभर कागद सांभाळलेला माणूस आता माणसं सांभाळणार.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "दहावीत सायन्समध्ये पास होता न तू?"

"काठावर."

"पास न? झालं मंग."

संध्याकाळी गेटजवळच्या बोर्डावर पेंटरने माझं नाव काढलं: प्रशिक्षित प्रथमोपचारक.

"काका, मले साधी पट्टी बांधता नाही येत."

"तुले बांधाले कोण सांगून राहिलं? नियमात एक माणूस लागते. नाव पाहिजे फक्त."

वर चौथ्या मजल्यावर पन्नास लोक परांचीवर चढलेले, आणि त्यातला एक खाली आला तर भिंतीवर नाव माझं! जेवण जाईना. शेवटी चरोद्याला एक रिटायर रेल्वे कंपाउंडर शोधला आणि दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. स्वतःचा पाय पुढे करून म्हणायचे, "बांध. सैल झाली. सोड. पुन्हा बांध." ज्याला आपलं काम येतं असा म्हातारा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

*

आता तो डबा. पांढरा, पत्र्याचा, ऑफिसच्या भिंतीला ठोकलेला. आत यादीप्रमाणे सगळं: कापूस, पट्ट्या, कात्री, मलम. बाहेर कुलूप, कुलुपावर कागदाचं सील, सीलवर काकांची सही.

"उघडा कावून नाही ठेवत?"

"वापरलं तर कमी होईन न बे. तपासणीत यादी पुरी लागते."

किल्ली कुठे? काकांच्या करगोट्याला. शर्टाच्या आत, कमरेला. एकदा सिमेंटच्या गोण्या आल्या तेव्हा ऑफिसची किल्ली टेबलावर, गोदामाची किल्ली खिळ्याला, आणि कापसाची किल्ली मात्र कमरेला!

*

स्ट्रेचर पण होतं. नियमात आहे. रोज दुपारी दोन ते तीन त्यावर एकच पेशंट असायचा. तोंडावर रुमाल टाकून घोरायचा, आणि त्या तासात स्ट्रेचर मागायचं असेल तर आधी सेफ्टी इन्चार्जला उठवावं लागे.

*

फुलबाई आमच्याकडे रेजा होती, विटा वाहायची. एक दिवस फळीतला खिळा चपलेतून तिच्या पायात गेला. मी डब्याकडे धावलो. कुलूप. काकांना फोन लावला.

"मी मोहन नगरात हाओ," काका म्हणाले. मागे बायकांचा गलका. "पुतणीचं साक्षगंध आहे."

"किल्ली?"

"किल्ली कुठं जाईन? कमरेलेच आहे."

मी माझी पाण्याची बाटली तिच्या पायावर रिकामी केली, गमछा बांधला आणि मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. निघताना फुलबाईने डब्याकडे पाहिलं. "एखर आरती उतार ले, बाबू," म्हणाली. म्हणजे, याची आरतीच ओवाळ.

दुसऱ्या दिवशी गेटवर गेलो. तिथे एक काळा फळा होता: 'अपघाताविना झालेले दिवस'. काका रोज सकाळी खडूने आकडा एकाने वाढवत. अपघात झाला की पुन्हा एकपासून सुरुवात. आज आकडा वाढलेलाच होता.

"काका, फुलबाईचा पाय?"

"काम थांबलं का? नाही न. मंग अपघात कसा?"

*

विश्वकर्मा पूजेला फुलबाईचं बोलणं खरंच झालं. मिक्सर, लिफ्ट, वेल्डिंग मशीन, सगळ्यांना हार. शेवटी काकांनी त्या डब्यालाही कुंकू लावलं, हार घातला, उदबत्ती ओवाळली.

"हे कोणतं यंत्र आहे?" मी विचारलं.

"जे उपयोगी ते पुजावं लागते."

"उपयोगी?"

काकांनी माझ्या तोंडात बुंदी कोंबली.

*

आणि मग तपासणी आली. इन्स्पेक्टर साहेबांनी बोर्ड वाचला, फळा वाचला, खूश झाले. डब्यापाशी थांबले. "खोलिए."

साहेबांसमोर शर्ट कसा वर करणार? काका किल्ली काढायला लगबगीने पत्र्याच्या आडोशाला गेले. तिकडून एक आवाज आला, आणि काका उजवा तळहात धरून बाहेर आले. पत्र्याच्या धारेने हात चिरला होता. रक्त कोपरापर्यंत.

मी त्यांना खाली बसवलं, हात वर धरला, जखम दाबली. "काका, किल्ली."

"थांब न बे. बाया हायेत इथं."

"शर्ट वर करा!"

काकांनी चांगल्या हाताने शर्ट खाली ओढून धरला. हात वाहतोय, साहेब बघतायत, आणि हा माणूस पोट झाकून बसलाय.

"हट बाबू," मागून फुलबाई म्हणाली. तिच्या हातात हातोडी होती. तिने कुलुपावर एकच घाव घातला.

"अवं, सील!" काका ओरडले.

पट्टी बांधली. सैल झाली नाही. साहेबांनी वहीत लिहिलं: प्रथमोपचार व्यवस्था तत्पर. काकांना दवाखान्यात पाठवलं, चार टाके पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर पोचलो तर काका फळ्यासमोर स्टुलावर उभे. उजव्या हाताला पट्टी, डाव्या हातात खडू. कालच्या आकड्यात एक वाढवून वाकडातिकडा नवा आकडा काढत होते.

"पाहून काय राहिला?" माझ्याकडे न बघता म्हणाले. "स्टूल धर. पडलो-गिडलो तर पुन्हा एकपासून लिहा लागन."